पोत्यातला नत्र, विहिरीतला नत्र

आडसाली उसाची मोठी बांधणी जवळ आली की घरात खताचा हिशेब सुरू होतो. खत सरीत टाकून मातीने झाकायचे आणि मगच पाणी द्यायचे, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण मजूर मिळालेला नसतो, शेतीपंपाची वीज रात्रीची असते आणि पाण्याची पाळी हुकली तर पुन्हा कितीतरी दिवस थांबावे लागते. मग घमेल्यात युरिया घेऊन तो सरीतून फेकला जातो आणि मागोमाग पाट मोकळा होतो. पांढरे दाणे ओल्या मातीवर पडताच विरघळू लागतात. जिथे ते उघडेच राहतात तिथे दोन-तीन दिवसांनी नाकाला झोंबणारा वास येतो. तो अमोनियाचा. पैसे मोजून आणलेला नत्र हवेत उडून चाललेला असतो. उरलेल्यातला काही भाग पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो आणि कालांतराने त्याच शिवारातल्या विहिरीत सापडतो.

हे नुकसान शेतात घडते, पण त्याची कारणे शेतापुरती नाहीत. युरियाची किंमत दिल्लीत ठरते, विजेची वेळ मुंबईत ठरते, पाण्याची पाळी पाटबंधारे खात्यात ठरते. त्यामुळे शेतीतल्या नत्राचे प्रदूषण हा मुळात सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. गेल्या चाळीस वर्षांत अनेक देशांनी तो सोडवण्याचा प्रयत्न केला. काहींना यश आले, काहींचे हात पोळले. त्या अनुभवांच्या उजेडात आपले धोरण कुठे उभे आहे, हे पाहण्यासाठी हा आढावा.

नत्र जातो कुठे?

हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे, पण तो पिकाला घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो जमिनीत बांधून ठेवतात. म्हणून तर हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या रानात पुढचे पीक जोमदार येते आणि जुनी माणसे ‘बेवड चांगला आहे’ म्हणतात. हेच काम कारखान्यात करण्याची वाट जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये दाखवली आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओप्पाऊ इथे ती औद्योगिक प्रमाणावर आणली. आज जगाच्या लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा या कारखानी नत्रावर पिकलेले अन्न खातो. भारताच्या हरितक्रांतीतही सुधारित बियाणे आणि पाणी यांच्या जोडीला युरिया होता. त्यामुळे नत्राला शत्रू ठरवून या प्रश्नाकडे पाहता येत नाही.

अडचण गळतीची आहे. भारतात धान्यपिकांना दिलेल्या नत्रापैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच पीक उचलते. उरलेल्याला तीन वाटा फुटतात. पहिली हवेची. युरियाचा अमोनिया होतो, तो उडतो आणि हवेतल्या आम्लांशी मिळून सूक्ष्म धूलिकण तयार करतो. हेच कण फुप्फुसात खोलवर जातात. दुसरी पाण्याची. मातीतल्या जिवाणूंमुळे अमोनियमचे नायट्रेट होते. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाणी जाईल तिकडे जाते. विहीर, ओढा, नदी, तळे आणि शेवटी समुद्र असा त्याचा प्रवास होतो. तिसरी वाट नायट्रस ऑक्साइडची. प्रमाण लहान, पण परिणाम मोठा. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. ओझोनच्या थराला आज मानवनिर्मित उत्सर्जनांतून पोचणाऱ्या इजेतही त्याचा वाटा मोठा आहे.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून दिले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये विहिरीचे पाणी आणि हा आजार यांचा संबंध पहिल्यांदा मांडला. आपल्याकडे केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. असे नमुने आढळलेल्या जिल्ह्यांची संख्या २०१७ मध्ये ३५९ होती, ती २०२३ मध्ये ४४० वर गेली. सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले सात आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विहिरीतले सगळे नायट्रेट युरियाचेच असते असे नाही. गोठ्याचे मूत, उघडे उकिरडे, शोषखड्डे आणि गावाचे सांडपाणी यांतूनही ते उतरते. उजनीच्या जलाशयावर किंवा पंचगंगेत जलपर्णी माजते त्यामागेही शहरांच्या मैल्याचा मोठा हात आहे. म्हणून एकट्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे धोरण अन्यायाचे तर होईलच, शिवाय ते फसेलही.

स्वस्त पोत्याची अर्धशतकी वाटचाल

आपल्या खत-अनुदानाची चौकट मराठे समितीच्या शिफारशीवर १९७७ मध्ये उभी राहिली. प्रत्येक कारखान्याला त्याचा खर्च आणि वाजवी परतावा धरून एक किंमत द्यायची, शेतकऱ्याला मात्र सरकारने ठरवलेल्या कमी दरात खत द्यायचे आणि मधला फरक तिजोरीतून भरायचा, ही ती पद्धत. त्या काळात देशाला धान्य हवे होते, कारखाने हवे होते आणि दोन्ही उभे राहिले. तेव्हाच्या गरजेला ते धोरण योग्यच होते.

अडचण त्यानंतरची आहे. १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव आला. संसदेत आणि बाहेर एवढा विरोध झाला की वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली आणि त्यांचे दर भडकले. युरिया मात्र नियंत्रणातच राहिला, उलट त्याची किंमत १० टक्क्यांनी कमी करण्यात आली. २०१० मध्ये पोषकद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली. जमिनीला काय हवे त्याप्रमाणे अनुदान, हा विचार उत्तम होता. पण युरियाला तिच्या बाहेर ठेवले. परिणाम लगेच दिसला. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे देशपातळीवरचे ढोबळ आदर्श प्रमाण ४:२:१ मानतात. २००९-१० मध्ये आपण त्याच्या जवळ होतो. २०१२-१३ मध्ये ते ८.२:३.२:१ झाले. शेतकरी बेफिकीर झाला म्हणून हे घडले नाही. दुकानात समोर लावलेल्या दरपत्रकाप्रमाणे तो वागला.

ते दरपत्रक आजही बोलके आहे. युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, डीएपीचे ५० किलोचे १३५० रुपयांना. युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे एका पोत्यात २०.७ किलो. किलोभर नत्र शेतकऱ्याला जेमतेम १३ रुपयांत पडते. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच पोत्याची खरी किंमत सुमारे २२०० रुपये असल्याचे सांगितले होते.

आता हाच हिशेब एका एकरावर मांडू. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली उसाला नत्राची शिफारस हेक्टरी ४०० किलो आहे, म्हणजे एकरी १६०. तो सगळा युरियातून दिला तर पावणेआठ पोती लागतात. शेतकऱ्याचा खर्च दोन हजारांच्या आसपास, तर २०२३ च्या त्या दराने सरकारचा भार एकरी पंधरा हजारांच्या घरात. गळतीचे ढोबळ प्रमाण उसालाही लावले तर या पंधरा हजारांतले दहा हजार रुपये हवेत, पाण्यात आणि विहिरीत जातात. सार्वजनिक पैशाने आपण प्रदूषण विकत घेतो आहोत, असे म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही. देश वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून अधिक युरिया वापरतो आणि २०२२-२३ मध्ये एकूण खत-अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेले होते. एकरभराचा हा हिशेब देशाला लावून पाहिला की प्रश्नाचा आकार कळतो.

दुरुस्त्या झाल्या, पण किमतीला हात न लावता

सरकार स्वस्थ बसले असे नाही. २०१५ मध्ये सगळ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. या लेपाने नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते, शिवाय प्लायवुडच्या डिंकासारख्या उद्योगांकडे वळणाऱ्या अनुदानित युरियाला आळा बसतो. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला राजस्थानातल्या सुरतगडमध्ये मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. २०१८ मध्ये पोते ५० किलोवरून ४५ किलोवर आले. पोते मोजून खत टाकणारा शेतकरी आपोआप थोडे कमी टाकेल, ही त्यामागची अपेक्षा. कृषी सेवा केंद्रात पॉस यंत्र आले आणि विक्रीची नोंद आधारशी जोडली गेली. २०२३ मध्ये गंधकाचा लेप असलेला ‘युरिया गोल्ड’ आला आणि ‘पीएम-प्रणाम’ योजनाही आली. जे राज्य रासायनिक खताचा वापर कमी करील, त्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा हिस्सा मिळेल, असे तिचे सूत्र आहे.

यांतले प्रत्येक पाऊल योग्य दिशेचे आहे. तरीही युरियाचा एकूण खप घटलेला नाही, कारण हे सगळे उपाय त्याच २६६ रुपयांच्या पोत्याभोवती फिरतात. मृद पत्रिका सांगते नत्र कमी करा, पालाश वाढवा. दुकानातला दर नेमके उलटे सांगतो. पत्रिका दोन-तीन वर्षांत एकदा येते, दर रोज समोर असतो. त्यात हंगामात टंचाई झाली की लिंकिंग सुरू होते. युरिया हवा असेल तर सोबत नको असलेले दुसरे खतही घ्या, असा आग्रह धरला जातो. मग पुढच्या वेळी मिळेल की नाही या धास्तीने शेतकरी गरजेपेक्षा दोन पोती जास्तच उचलून ठेवतो.

नॅनो युरियाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. २०२१ मध्ये ५०० मिलिलिटरची बाटली एका पोत्याच्या बरोबरीची म्हणून बाजारात आली. त्या बाटलीतला नत्र ४ टक्के होता, म्हणजे फक्त २० ग्रॅम. पोत्यात २० किलोंहून अधिक असतो. पानावरची फवारणी कार्यक्षम असते हे खरे, पण पिकाच्या दाण्यात आणि काडीत जो नत्र दिसायला हवा तो कुठून तरी यावाच लागतो. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत भात आणि गव्हाचे उत्पादन घटलेले आढळले. स्वतंत्र चाचण्यांवर उतरल्याशिवाय कोणत्याही तंत्राला धोरणाचा आधार बनवू नये, एवढा धडा यातून घ्यायला हवा.

डेन्मार्क: तीस वर्षे न सोडलेला धागा

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅटेगॅटच्या समुद्रात प्राणवायूअभावी मेलेले लॉब्स्टर डेन्मार्कच्या दूरचित्रवाणीवर दिसले आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, संसदेने पाण्यासाठीचा पहिला कृती आराखडा मंजूर केला. पाण्यात जाणारा नत्र निम्म्याने आणि स्फुरद ८० टक्क्यांनी कमी करायचा, असे आकड्यातले उद्दिष्ट त्यात होते.

उद्दिष्टाच्या पाठोपाठ जी कामे झाली ती अगदी घरगुती वाटावीत अशी होती. जनावरांचे शेणमूत साठवायला पुरेशा मोठ्या टाक्या बांधणे बंधनकारक झाले, म्हणजे पीक नसताना ते रानावर ओतावे लागू नये. हिवाळ्यात रान उघडे ठेवायचे नाही, काहीतरी हिरवे उभे ठेवायचे. प्रत्येक शेताचा खताचा जमाखर्च सरकारला द्यायचा. १९९८ च्या दुसऱ्या आराखड्यात आणखी कठोर पाऊल पडले. पिकाला आर्थिकदृष्ट्या सर्वांत फायदेशीर ठरणाऱ्या मात्रेपेक्षा १० टक्के कमी नत्र, ही कायदेशीर मर्यादा झाली. मुळांखाली निचरून जाणारा नत्र २००३ पर्यंत निम्म्याच्या जवळपास घटला आणि शेती उत्पादन टिकले.

किंमत मोजावी लागलीच. गव्हातले प्रथिन घटल्याची तक्रार शेतकरी वर्षानुवर्षे करत राहिले आणि २०१५ च्या अखेरीस ती मर्यादा शिथिल झाली. पण धागा तुटला नाही. २०२४ मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरण संस्था एका टेबलावर बसल्या आणि करार झाला. पशुधनाच्या हरितगृह वायूंवर २०३० पासून कर लागणार आहे आणि बरीच शेतजमीन वनांकडे वळणार आहे. सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण मोजमाप चालू राहिले. डेन्मार्ककडून घेण्यासारखी मुख्य गोष्ट हीच.

नेदरलँड्स आणि अमेरिका: ताणलेली दोरी, सैल सोडलेली दोरी

युरोपीय समुदायाचा नायट्रेट निर्देश १९९१ चा. भूजलात लिटरला ५० मिलिग्रॅमची मर्यादा, संवेदनशील क्षेत्रांची आखणी आणि शेणखतातून हेक्टरी १७० किलोपेक्षा जास्त नत्र नाही, हा त्याचा गाभा. नेदरलँड्सने त्यावर स्वतःची वेगळी वाट काढली. १९९८ पासून तिथे शेतात आलेला नत्र आणि मालातून बाहेर गेलेला नत्र यांचा जमाखर्च ठेवून जादा शिलकीवर आकार लावला जाई. कल्पना चांगली होती, पण युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ती निर्देशाशी जुळत नसल्याचे सांगितले आणि २००६ मध्ये ती बंद झाली.

नंतर पळवाटांचा काळ आला. भविष्यात प्रदूषण कमी होईल या भरवशावर आजच परवाने देणारी योजना २०१५ मध्ये सुरू झाली. २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द ठरवली. हजारो प्रकल्प अडकले, घरबांधणी थांबली, महामार्गावर दिवसाची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरवर आणावी लागली. त्या ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये उतरले. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांच्या नव्या पक्षाने बाजी मारली. वीस वर्षे टाळलेले काम एका झटक्यात करायला गेले की लोक रस्त्यावर येतात, हे नेदरलँड्सने दाखवले.

अमेरिकेने उलट टोक गाठले. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या मक्याच्या रानातून वाहून येणाऱ्या नत्रामुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात प्राणवायू नसलेला पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये त्याने सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर व्यापले होते. यासाठी १९९७ मध्ये कृतिदल नेमले गेले. पट्टा ५,००० चौरस किलोमीटरवर आणण्याचे उद्दिष्ट २०१५ साठी ठेवले, नंतर ते २०३५ वर ढकलले. सारे काम शेतकऱ्याच्या स्वेच्छेवर आणि अनुदानावर सोपवलेले. आयोवाच्या डी मॉइन शहराच्या जलसंस्थेला नायट्रेट काढण्यासाठी मोठा खर्चिक प्रकल्प चालवावा लागतो. तिने २०१५ मध्ये नदीच्या वरच्या अंगाच्या जिल्ह्यांवर खटला भरला आणि २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. खर्च शहरातल्या नळधारकांच्या माथी राहिला.

चीन आणि श्रीलंका: आपल्यासारख्या छोट्या शेतांचे धडे

युरोपची उदाहरणे दिली की ‘तिथे शंभर एकरांचे शेतकरी आहेत’ असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. म्हणून चीनकडे पाहायला हवे. तिथली शेते आपल्यासारखीच तुकड्यांची. २००७ मध्ये ताई सरोवरात शेवाळ एवढे माजले की वूशी शहरातल्या सुमारे वीस लाख लोकांचे पिण्याचे पाणी बंद पडले. २०१५ मध्ये चीनने २०२० पर्यंत खतवापराची वाढ शून्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. रासायनिक खतांचा वापर त्या वर्षी सहा कोटी टनांच्या शिखरावर होता. २०२० मध्ये तो सव्वापाच कोटी टनांच्या आसपास आला.

ही घट केवळ फर्मानाने आली नाही. त्याआधी दहा वर्षे, २००५ ते २०१५, कृषी विद्यापीठांतले संशोधक, विस्तार कर्मचारी आणि खत कंपन्यांचे लोक मिळून दोन कोटी नऊ लाख छोट्या शेतकऱ्यांपर्यंत पोचले होते. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. मका, भात आणि गहू यांचे उत्पादन सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास वाढले आणि नत्राचा वापर १५ ते १८ टक्क्यांनी घटला. हपै प्रांतातल्या चूजोऊ इथे तर विद्यापीठाचे विद्यार्थी गावात येऊन राहिले आणि शेतकऱ्याच्या रानातच प्रयोग करू लागले. कमी खतात जास्त पीक येते, हे शेतकऱ्याने शेजारच्या रानात डोळ्यांनी पाहिले आणि मग हात आखडला.

श्रीलंकेने याच्या नेमके विरुद्ध केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोलंबोतच जगातल्या देशांनी नत्राची नासाडी २०३० पर्यंत निम्मी करण्याचा जाहीरनामा केला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नत्राच्या व्यवस्थापनाचा ठराव भारताने पुढे आणला होता. दिशा बरोबर होती. पण २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये श्रीलंकेच्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एका रात्रीत बंदी घातली. पर्यायी खत नव्हते, शेतकऱ्याला तयारीला वेळ नव्हता. भाताचे उत्पादन कोसळले, तांदूळ आयात करावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठवावी लागली. तिथे नैसर्गिक शेतीचा पराभव झाला असे मी मानत नाही. हरली ती घाई.

आपल्याजवळ आधीच असलेली उत्तरे

तंत्रासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेली चारसूत्री भात लागवड हे त्याचे सुंदर उदाहरण आहे. भाताचे तूस आणि पेंढा पुन्हा खाचरात वापरायचा, गिरीपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीवर गाठी मारून ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी करायची आणि चार चुडांच्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट बोटाने चिखलात खोल दाबायची. एवढीच चार सूत्रे. पावणेतीन ग्रॅमची ती गोळी चिखलात हळूहळू विरघळते. नत्र उडत नाही, पावसाच्या लोंढ्यात वाहून जात नाही आणि मुळांना महिना-दीड महिना पुरतो. बांगलादेशात याच धर्तीची ‘गुटी युरिया’ मोठ्या प्रमाणावर पसरली. आपल्याकडे मात्र ब्रिकेट वेळेवर मिळण्याचीच मारामार असते. पोत्यावर हजारो कोटी खर्चणाऱ्या व्यवस्थेला गोळीचा पुरवठा साधत नाही, हे मनाला लागते.

उसात ठिबकमधून खत दिले तर नत्र रोज लागेल तेवढाच मुळाशी पोचतो. राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०१७ मध्ये उसासाठी ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता. आजही उसाच्या पट्ट्यात फिरले की पाटपाण्यात उभे असलेले रान पदोपदी दिसते. पाचट न जाळता सरीत कुजवणे, सोयाबीन-हरभऱ्याचा बेवड सांभाळणे, भातात पानाच्या रंगाच्या तक्त्यावर पान ठेवून मगच वरखत देणे, हे सगळे सिद्ध झालेले उपाय आहेत. अडते ते किमतीत, पुरवठ्यात आणि सल्ल्यात. तिन्ही गोष्टी धोरणाच्या हातातल्या आहेत.

निष्कर्ष: काय करावे

या सगळ्या अनुभवांतून मला चार गोष्टी पक्क्या वाटतात.

पहिली, किंमत खोटी ठेवून वापर खरा होणार नाही. युरियाला पोषकद्रव्यांच्या अनुदानाच्या चौकटीत आणावेच लागेल, मात्र १९९१ सारखे एका फटक्यात नाही. पाच-सात वर्षांत, दर वर्षी थोडे, आणि आधी जाहीर करून. पोत्यावरून जेवढे अनुदान उतरेल तेवढे त्याच वर्षी शेतकऱ्याच्या खात्यात एकरी जमा झाले पाहिजे. अनुदान कमी करण्याची ही सूचना नाही. ते पोत्यावरून उचलून माणसाला देण्याची आहे. पीएम-किसान आणि नमो शेतकरी महासन्मान निधीमुळे खात्यात पैसे पोचवण्याची वाट तयार आहे. त्या वाटेत एक मोठा खड्डा आहे. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. खत तो विकत घेतो आणि पैसे मालकाच्या खात्यात जातात. हा खड्डा बुजवल्याशिवाय सुधारणा केली तर सर्वांत गरीब शेतकरीच भरडला जाईल. त्याची नोंद करण्याची सोय आधी झाली पाहिजे.

दुसरी, उद्दिष्ट खताच्या खपाचे नको, गळतीचे हवे. किती पोती विकली यापेक्षा विहिरीत किती नायट्रेट उतरले, हे मोजले पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत. त्यांतले नायट्रेटचे आकडे पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. वर्धा, बुलढाणा, यवतमाळसारख्या जिल्ह्यांपासून सुरुवात करावी. शेतातून येणारा नत्र, गोठ्यातला आणि गटारातला, तिन्हींचा हिशेब एकत्र मांडावा, म्हणजे दोष ज्याचा त्याच्या पदरात पडेल.

तिसरी, माणूस गावात हवा. चीनला जमले ते रानात उतरलेल्या माणसांमुळे. आपल्या कृषी सहायकाकडे कितीतरी गावे आणि त्याहून जास्त योजनांची कागदपत्रे असतात. खताचा सल्ला मग खत विकणाराच देतो. साखर कारखान्यांकडे शेतकी विभाग आहेत, गट आहेत, प्रत्येक सभासदाच्या प्लॉटची नोंद आहे. नत्राच्या हिशेबाची सुरुवात त्यांनी केली तर उसाच्या पट्ट्यात पाच वर्षांत चित्र पालटू शकते.

चौथी, सातत्य. डेन्मार्कला तीस वर्षे लागली, नेदरलँड्सने टाळाटाळ केली आणि किंमत मोजली, श्रीलंकेने सहा महिन्यांत उरकायला पाहिले आणि देश उपाशी पडण्याच्या काठावर गेला. नत्राचे धोरण निवडणुकीच्या वेळापत्रकावर चालत नाही. ते सर्वपक्षीय संमतीने, कायद्याच्या आधाराने आणि हळूहळू चालवावे लागते.

वाचकांना, विशेषतः गावाकडे विहीर असलेल्यांना, एक विनंती आहे. यंदा पावसाळा सरल्यावर आपल्या विहिरीचे पाणी जवळच्या प्रयोगशाळेत नायट्रेटसाठी तपासून घ्या आणि तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. धोरण बदलण्याची मागणी अशा आकड्यांवर उभी राहिली तर ती टाळता येत नाही. घरात तान्हे बाळ असेल तर ही तपासणी उद्यावर टाकू नका. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.